कंपनीच्या मेलची बारनिशी

"मेल जाईना झालेत," असा फोन आला की मी समोरच्याला दोनच गोष्टी विचारतो. कोणालाच जाईनात, की काही ठरावीक लोकांनाच? आणि परत आलेल्या मेलमध्ये आकडा कोणता आहे? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याचं क्वचित मिळतं, कारण परत आलेला मेल लांबलचक इंग्रजीत असतो आणि न वाचताच पुसलेला असतो. खरं तर सगळं निदान त्यातच असतं. आकडा ४ ने सुरू होत असेल, म्हणजे ४२१ किंवा ४५०, तर समोरचा सर्व्हर सांगतोय, आत्ता नाही, थोड्या वेळानं या. अशा वेळी आपला सर्व्हर आपोआप पुन्हा जातो, हात लावायची गरज नसते. आकडा ५ ने सुरू होत असेल तर दार बंद झालंय. ५५० च्या पुढे 'युझर अननोन' असेल तर पत्ता चुकलाय. ५५२ असेल तर बहुधा मेल फार जड आहे किंवा समोरची पेटी भरली आहे. ५५० किंवा ५५४ च्या पुढे 'ब्लॉक्ड', 'पॉलिसी', 'ऑथेंटिकेशन' असं काही असेल, तर आपल्या सर्व्हरची बाजारातली पत गेली आहे. ती परत मिळवायला वेळ लागतो, आणि ती जाऊ नये यासाठी काय करायचं तेच इथे सांगायचं आहे.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आपला मोहोळ तालुका आहे. सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीतले कारखाने, टाकळी सिकंदर आणि अनगरसारख्या ठिकाणची साखर कारखान्यांची ऑफिसं, पतसंस्था, कॉलेजं, डाळिंब बाहेर पाठवणारे व्यापारी. दहापासून शे-दीडशेपर्यंत मेलपेट्या असलेली ही ऑफिसं. यांच्याकडे संगणक विभाग म्हणजे बहुतेक वेळा एकच माणूस. तोच प्रिंटरची शाई बदलतो, तोच कॅमेरे बघतो आणि तोच मेल सांभाळतो. हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि त्याच्या मालकासाठीही आहे.

ज्याचं सरकारी कचेरीत कधी काम पडलंय त्याला बारनिशी ठाऊक असते. आलेल्या प्रत्येक पत्राला आवक क्रमांक पडतो, गेलेल्याला जावक क्रमांक पडतो, शिक्का बसतो, तारीख पडते आणि पत्र योग्य टेबलावर जातं. वर्षानं कोणी विचारलं तरी रजिस्टर उघडून दाखवता येतं. कंपनीचा मेल सर्व्हर हीच बारनिशी आहे. आपल्या ऑफिसांतून कागदी रजिस्टर अजून नीट ठेवलं जातं. पण निविदा, बँकेची पत्रं, निर्यातीच्या ऑर्डरी ज्या मेलवर येतात त्याचं रजिस्टर कोणाकडे आहे, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

सुरुवात डोमेनपासून करा. जमीन घेताना आपण पहिल्यांदा सातबारा बघतो. डोमेनलाही सातबारा असतो. कंपनीचं नाव, पुढे डॉट इन किंवा डॉट कॉम, हे ज्या रजिस्ट्रारकडे नोंदलंय तिथलं खातं कोणाच्या नावावर आहे? त्यात मोबाइल कोणाचा? मुदत संपल्याची सूचना कोणत्या मेलवर जाते? मी पाहिलेल्या एका ऑफिसात डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या माणसाच्या नावावर होतं. त्याने धंदा बंद केला, नंबर बदलला. मुदत संपली आणि एका सकाळी ऑफिसचे सगळे मेल थांबले. सर्व्हर उत्तम चालू होता, पेट्या शाबूत होत्या, पण नावच जाग्यावर नव्हतं. त्यांचं नशीब की सवलतीच्या मुदतीत तो माणूस सापडला. ती मुदत टळली असती तर ते नाव कोणीही विकत घेऊ शकलं असतं आणि त्यांच्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल नव्या मालकाकडे गेला असता.

तेव्हा डोमेन कंपनीच्या नावावर फिरवून घ्या, पाच वर्षांचं शुल्क एकदम भरा, खात्यावर दुहेरी खातरजमा लावा आणि पासवर्ड दोन जबाबदार माणसांकडे ठेवा. सूचना येण्यासाठी जो मेल द्याल तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं तर सूचनाही पोचणार नाही. आपल्या लिपीत नाव हवं असेल तर २०१४ पासून डॉट भारत हे देवनागरी डोमेन मिळतं. हौसेनं जरूर घ्या. पण देवनागरी पत्त्यावर मेल पाठवायला दोन्हीकडचे सर्व्हर त्या पद्धतीला तयार असावे लागतात, म्हणून व्यवहाराचा मुख्य पत्ता रोमनच ठेवा.

पुढचा प्रश्न असा, की सर्व्हर ऑफिसात ठेवायचा की बाहेर? माझं मत स्पष्ट आहे. मोहोळसारख्या ठिकाणी पन्नासच्या आत पेट्या असतील तर ऑफिसात मेल सर्व्हर ठेवू नका. वीज जाते हे एक कारण आहे, पण ते मोठं नाही. वीज गेली आणि सर्व्हर चार तास बंद राहिला तरी येणारे मेल हरवत नाहीत. पाठवणारा सर्व्हर ते रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स हे जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर मूळ मांडणीत पाच दिवस असा प्रयत्न करतं. अडचण बाहेर जाणाऱ्या मेलची आहे. साध्या ब्रॉडबँडवर अनेक कंपन्या २५ नंबरचं पोर्ट बंदच ठेवतात. कायमचा आयपी पत्ता घ्यावा लागतो, आणि त्या पत्त्याची उलटी नोंद, म्हणजे आयपीवरून नाव दाखवणारी पीटीआर नोंद, इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडूनच करून घ्यावी लागते. ती नसेल किंवा तिथे भलतंच नाव असेल तर मोठे सर्व्हर मेल घेत नाहीत.

म्हणून दोनच मार्ग उरतात. एक, तयार सेवा घ्यायची. गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि झोहो या तिघांच्या सेवा आपल्याकडे सर्रास चालतात. झोहोचं एक मोठं ऑफिस तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात आहे, आणि केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल त्याच कंपनीच्या व्यवस्थेवर हलवले गेले आहेत. लहान गावात बसून हे काम होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दुसरा मार्ग, डेटा सेंटरमध्ये भाड्याचा सर्व्हर घेऊन त्यावर आपलं सॉफ्टवेअर बसवायचं. मेल पोचवण्यासाठी पोस्टफिक्स, पेट्या सांभाळण्यासाठी डव्हकॉट, कचरा गाळण्यासाठी आरस्पॅमडी. तिन्ही फुकट आहेत, पण त्यांना रोज बघणारा माणूस फुकट मिळत नाही. तो असेल तरच या वाटेला जा. आणि ज्यांच्या ऑफिसात अजून मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज २०१६ किंवा २०१९ चालू आहे त्यांना सांगतो, या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तो सर्व्हर इंटरनेटकडे तोंड करून ठेवणं म्हणजे गोदामाचं कुलूप काढून झोपणं आहे.

आता शिक्क्यांकडे येऊ. मेल पोचवण्याची पद्धत १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहून काढली, तेव्हा इंटरनेटवर एकमेकांना ओळखणारी संशोधक मंडळी होती. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय त्या पद्धतीत नव्हती. पाकिटामागे कोणीही कोणाचंही नाव लिहावं आणि टपाल खात्यानं ते निमूट पोचवावं, तसं. आज आपल्याला ज्या नोंदी कराव्या लागतात त्या सगळ्या या एका उणिवेवरचे उपाय आहेत. त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या जाहीर नोंदवहीत, करायच्या असतात.

पहिली एसपीएफ. आमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, याची ही जाहीर यादी. इथे दोन चुका हमखास होतात. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते. नवी सेवा घेतली की लोक जुनी तशीच ठेवून दुसरी ओळ घालतात, आणि मग दोन्ही बाद होतात. दुसरी चूक म्हणजे यादीत सगळ्यांची नावं घालत सुटणं. ती तपासताना समोरच्या सर्व्हरनं डीएनएसला जास्तीत जास्त दहा विचारणा कराव्यात, असा नियम आहे. दहाच्या वर गेलं की तपासणीच फसते.

दुसरी डीकेआयएम. पूर्वी लखोट्यावर लाखेचा शिक्का मारत, तसा हा शिक्का. सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीनं सही करतो आणि तिची जोडीदार किल्ली डीएनएसमध्ये उघड ठेवलेली असते. वाटेत मजकूर बदलला तर सही जुळत नाही. किल्ली २०४८ बिटांची ठेवा.

तिसरी डीएमएआरसी. समोरच्याला दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव वरच्या दोहोंपैकी एकाशीही जुळलं नाही तर त्या मेलचं काय करायचं, हा आपण बाकीच्या जगाला दिलेला हुकूम. 'नन' म्हणजे काही करू नका, फक्त कळवा. 'क्वारंटाइन' म्हणजे बाजूला टाका. 'रिजेक्ट' म्हणजे दारातूनच परत पाठवा. पहिल्या दिवशी 'रिजेक्ट' लावू नका. 'नन'वर ठेवून काही आठवडे अहवाल वाचा. ते वाचायला कंटाळवाणे असतात, पण त्यातूनच विसरलेल्या गोष्टी वर येतात. पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर भलत्याच सर्व्हरवरून पगाराच्या स्लिपा पाठवत असतं. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म कंपनीच्या नावानं मेल टाकत असतो. त्यांना आधी यादीत घ्या, सही करायला शिकवा, मग 'क्वारंटाइन' आणि शेवटी 'रिजेक्ट' करा.

हे ऐच्छिक होतं ते दिवस गेले. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलनं दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना आणि याहूनं मोठ्या संख्येनं मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले, मायक्रोसॉफ्टनं ५ मे २०२५ पासून तोच रस्ता धरला. लहान पाठवणाऱ्यालाही निदान एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि नीट पीटीआर लागतेच. मेल मिळालेल्यांपैकी 'स्पॅम' म्हणून तक्रार करणारे हजारात तीनच्या आत असावेत, असंही गुगलचं म्हणणं आहे. सहकारी कारखान्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी. वार्षिक सभेची नोटीस हजारो सभासदांना एकाच दिवशी जाते, त्यातले कित्येक पत्ते मेलेले असतात, कित्येक लोक ओळख न पटून 'स्पॅम'चं बटण दाबतात. त्याचा फटका खरेदी आणि लेखा विभागाच्या मेलना बसतो. सभासदांच्या नोटिसांसाठी त्याच डोमेनचं एक उपडोमेन काढा आणि ते मेल तिथून पाठवा.

सर्व्हरच्या मांडणीत मी सगळ्यात आधी एक ओळ बघतो. पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये 'मायनेटवर्क्स' नावाची नोंद असते. त्यात लिहिलेल्या पत्त्यांवरून आलेला मेल सर्व्हर पासवर्ड न विचारता बाहेर पाठवतो. सोय म्हणून लोक तिथे ऑफिसचं सगळं नेटवर्क लिहून टाकतात. एका ऑफिसात असंच होतं. ऐन हंगामात तिथून फोन आला, बँकेला मेल जाईनात. रांग बघायची आज्ञा दिली तर पडदा थांबेचना. हजारोंनी मेल, सगळे परदेशी पत्त्यांवर, औषधांच्या जाहिराती. पाठवणारा शोधत गेलो तर तो आयपी कोणत्याच संगणकाचा नव्हता. तो निघाला गेटवरच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचा. त्याला घरून बघता यावं म्हणून कोणीतरी इंटरनेटवर उघडा ठेवला होता, पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. कोणीतरी तो ताब्यात घेतला आणि आपल्याच सर्व्हरला टपालवाला केलं. स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या काळ्या यादीत आयपी गेला. रेकॉर्डर तोडला, रांग साफ केली, यादीतून नाव काढायचा अर्ज केला. ते नाव निघालं, पण काही मोठ्या सर्व्हरनी पुढे कितीतरी दिवस आमचे मेल संशयानंच घेतले.

त्यातून मी जे नियम केले ते सांगतो. 'मायनेटवर्क्स'मध्ये सर्व्हर स्वतः, बाकी कोणी नाही. प्रत्येक माणूस, प्रत्येक स्कॅनर, प्रत्येक सॉफ्टवेअर नाव-पासवर्ड देऊनच मेल पाठवेल, तेही ४६५ किंवा ५८७ या पोर्टवरून, कुलूपबंद जोडणीनं. २५ नंबरचं पोर्ट सर्व्हर-सर्व्हरांमधल्या बोलण्यासाठी. ऑफिसच्या राउटरवर बाकी सगळ्या यंत्रांना बाहेरच्या २५ वर जायची बंदी. एका पेटीतून तासाला किती मेल जाऊ शकतात याला मर्यादा. लेखनिकाला तासाला शंभर मेल पाठवायची वेळ येत नाही, चोराला येते. पेट्या वाचण्यासाठी आयमॅपचं ९९३ एवढंच उघडं ठेवा. जोडणीचं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, त्याची मुदत ९० दिवसांची असते आणि ते आपोआप नवं होतं. मात्र ते नवं झाल्यावर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या दोघांना नव्यानं वाचायला सांगावं लागतं. ते राहून जातं, आणि तीन महिन्यांनी सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम लाल सूचना झळकते.

जोडपत्रांबद्दल रोजची एक तक्रार असते. "फाइल तर २० एमबीचीच आहे, मग २५ एमबीची मर्यादा कशी ओलांडली?" मेलमधून जाताना फाइल अक्षरांच्या रूपात बदलते आणि साधारण एक तृतीयांशानं फुगते. २० ची २७ होते. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा तर १० एमबीच्या आसपास आहे, म्हणजे साडेसात एमबीची फाइल जेमतेम जाते. मर्यादा वाढवा, पण त्याआधी ऑफिसातल्या स्कॅनरची मांडणी बदला. निविदेचे कागद रंगीत आणि ६०० डीपीआयनं स्कॅन करायची काही गरज नसते, २०० डीपीआय काळं-पांढरं स्वच्छ वाचता येतं. आणखी एक, खास आपल्याकडचं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र मेलच्या मजकुरात चिकटवलं की समोरच्याला नुसता अक्षरांचा कचरा दिसतो, आणि पुढे शोधायला गेलं तर तो मेल सापडतही नाही. मेलमधलं मराठी युनिकोडमध्येच लिहा.

पेट्या माणसांच्या नावानं काढू नका, टेबलाच्या नावानं काढा. खरेदी, लेखा, निर्यात, शेती विभाग. माणूस बदलतो, टेबल राहतं. माणसाला स्वतःची पेटी हवी तर द्या, पण बाहेर छापला जाणारा पत्ता टेबलाचाच असू द्या. आणि माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी पासवर्ड बदलणं पुरेसं नाही. त्याच्या मोबाइलवरच्या जोडण्या तोडा, पेटीतले पुढे-पाठवा नियम तपासा.

हे नियम वेगळ्या कारणासाठीही तपासावे लागतात. पेटीत घुसलेला चोर लगेच काही करत नाही. तो एक नियम लावतो, 'इनव्हॉइस' किंवा 'बँक' शब्द असलेला मेल माझ्याकडे पाठव आणि इथून लपव. मग वाचत बसतो. व्यवहार पैशांवर आला की बरोबर त्याच धाग्यात, त्याच भाषेत एक मेल येतो. आमचं बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात भरा. कधी तो मेल जुळ्या नावाच्या डोमेनवरून येतो. आपल्या मोहोळचं नाव रोमनमध्ये लिहून बघा. पहिलं अक्षर एम. त्याच्या जागी आर आणि एन ही दोन लहान अक्षरं शेजारी-शेजारी ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर फरक दिसतो का? घाईत असलेल्या लेखापालाला तर नाहीच दिसत. २०१६ साली बांगलादेश बँकेच्या ८ कोटी १० लाख डॉलरच्या चोरीतही चोरांचा आत शिरकाव झाला तो नोकरीच्या अर्जाच्या सोंगातल्या मेलमधून.

यावर सर्व्हरमधला कोणताही उपाय पुरा पडत नाही. म्हणून लेखा विभागात लेखी नियम करा. खातं बदलल्याचा मेल आला तर मेलमधल्या नव्हे, आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे हलणार नाहीत, मग सांगणारा खुद्द मालक का असेना. बाहेरून आलेल्या प्रत्येक मेलच्या डोक्यावर 'बाहेरून' असा शिक्का सर्व्हरनं उमटवावा, ही सोय सगळीकडे आहे. सगळ्या पेट्यांना दुहेरी खातरजमा, मालकाच्या पेटीलाही. बहुतेक ठिकाणी मालकाच्याच पेटीला ती नसते, कारण त्यांना सांगायला कोणी धजत नाही. आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला फोन करा. उशीर झाला की पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पांगतात.

कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्राच्या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आणि घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. लिनक्सच्या अनेक सर्व्हरवर मेलच्या नोंदी मूळ मांडणीत चारच आठवडे राहतात, पुढच्या आपोआप पुसल्या जातात. ती एक फाइल उघडून मुदत वाढवायला पाच मिनिटं लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मेल कोर्टात पुरावा म्हणून द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं. नोंदी नीट असतील तर ते निर्धास्तपणे देता येतं. पुरवठादाराशी वाद झाला की या नोंदींची किंमत कळते.

साठवणुकीबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. पीओपी पद्धतीनं मेल उतरवणं थांबवा. त्यात मेल सर्व्हरवरून एका संगणकात येतो आणि बहुतेक वेळा सर्व्हरवरून पुसला जातो. मग दहा वर्षांचा पत्रव्यवहार लेखापालाच्या संगणकातल्या आउटलुकच्या एका पीएसटी फाइलीत जाऊन बसतो. मी एका ठिकाणी गेलो तेव्हा तिथले लेखापाल खुर्चीत हात बांधून बसले होते. संगणक मंद झाला म्हणून कोणीतरी विंडोज नव्यानं टाकलं होतं. 'डॉक्युमेंट'चा फोल्डर आधी कॉपी केला होता, पण ती पीएसटी फाइल तिसऱ्याच जागी होती. दोन दिवस डिस्क खरवडून जे हाती आलं ते अर्धवट होतं. त्यांची निवृत्ती सहा महिन्यांवर होती. "पोरा, माझं सगळं दप्तर त्यात होतं," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून मी आयमॅपशिवाय पेटी देत नाही. मेल सर्व्हरवरच राहतो, संगणकावर आणि मोबाइलवर त्याची छाया.

त्या सर्व्हरचीही प्रत हवी. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक गावाबाहेर. तयार सेवा घेतली तरी ही जबाबदारी आपलीच. कोणी रागानं पेटी रिकामी केली तर ठरावीक दिवसांनंतर सेवा देणाराही ती परत आणू शकत नाही. आणि प्रत घेतली एवढ्यावर थांबू नका, तिच्यातून एक पेटी परत उभी करून बघा.

हे करायची वेळही आपल्याकडे ठरलेलीच आहे. साखर कारखान्यात गाळप संपलं की पावसाळ्यात यंत्रांचं ओव्हरहॉलिंग निघतं, मिलचे रोलर उतरतात, पंप खोलले जातात. मेलचं ओव्हरहॉलिंग त्याच महिन्यांत करा. सर्व्हर बदलायचा असेल तर हंगामात कधीही नको. बदलाच्या दोन दिवस आधी डीएनएस नोंदींची टीटीएल, म्हणजे बाहेरच्यांनी ती किती वेळ ध्यानात ठेवावी ती मुदत, ३०० सेकंदांवर आणा. शनिवारी संध्याकाळी फिरवा. जुना सर्व्हर निदान एक आठवडा चालू ठेवा, कारण काही लोकांची टपालं जुन्या पत्त्यावर येत राहतात.

आता एक विनंती. उद्या ऑफिसात गेल्यावर कंपनीच्या पेटीतून आपल्याच जीमेलवर एक मेल पाठवा. तो संगणकावर उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर दाबा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी अशा तीन ओळी असतील. तिन्हींपुढे 'पास' लिहिलेलं नसेल किंवा एखादी ओळच दिसत नसेल, तर चहाच्या आधी डीएनएस उघडा.